शोधलं ओ निगेटिव्ह, आलं बी पॉझिटिव्ह

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून खाली खवचट कमेंट टाकणारा माणूस मीच. दाराला लिंबू-मिरची दिसली की तोडून फेकतो. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

मी बीडला सॉफ्टवेअरची कामं करतो. एका रक्तपेढीची रक्तदात्यांची वेबसाइट माझ्याकडे आहे. कोड जुनाट... रक्तगट टाकला की जसाच्या तसा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, चिकटायचा, कुणीही काहीबाही टाकून अख्खी यादी पळवावी असा. दिवाळीनंतर एका सकाळी मी पेढीत बसून तो बदलला. वेब सर्व्हर डेटाबेसशी जिथं बोलतो तिथं बाइंड व्हेरिएबल बसवले — म्हणजे क्वेरीत जागा मोकळी, रक्तगट मागून वेगळा जातो — आणि शोधाचं काम स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे साठवलेली तयार कृती, करून डेटाबेसच्याच पोटात ठेवलं. चोख चाललं.

साडेबाराला दाजींचा फोन. माझी धाकटी बहीण रेखा बाळंत झाली, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह पाहिजे. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही. माझं ओ पॉझिटिव्ह... सख्खा भाऊ असून काडीचा उपयोग नाही!

यादीत ओ निगेटिव्हवाले दोघंच, आणि दोघंही नुकतेच रक्त देऊन गेलेले. नुकतंच रक्त दिलेल्यांना हा शोध गाळतो, हे माहीत होतं. तरी शोधलं. एक ओळ आली. धारूरजवळचे ऊसतोड कामगार बाबासाहेब. रक्तगट — बी पॉझिटिव्ह.

टाळकंच सरकलं. बहिणीचा जीव चाललाय आणि माझाच कोड खोटं बोलतोय!

"लावा की फोन," पेढीच्या टेक्निशियन नसीम मॅडम म्हणाल्या.

"अहो, बी पॉझिटिव्ह आहे तो!"

"नंबर तर माणसाचा हाय ना?" त्यांनीच लावला आणि ओ निगेटिव्ह पाहिजे म्हणून सांगितलं. स्पीकरवर.

"माजं बी पॉझिटिव्ह हाय, बाई," पलीकडून आवाज आला. मग, "मालकिणीचं हाय ओ निगेटिव्ह. बाळंतपणात डॉक्टर बोललेवते. कावून?"

मी रक्तदान शिबिराची जुनी यादी काढली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमानं ती यादीही तशीच दिलेली — एक कोयता, एक नाव, नवऱ्याचं. बायकांचा रक्तगट आमच्याकडे कुठंच नव्हता.

"उद्या उसाला टोळी निघतीया आमची," बाबासाहेब म्हणाले. "आत्ताच येतो घिऊन."

ते दीड तास कसे काढले ते माझं मला ठाऊक. दाजी फोनवर नुसते "आले का, आले का" करत होते. शेवटी मोटारसायकल आली. मागं बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पदर खोचला आणि थेट विचारलं, "कुटं झोपू?"

तपासण्या झाल्या, पिशवी गेली. संध्याकाळी दाजी म्हणाले, "रेखा बोलली." मी तिथंच खाली बसून रडलो.

रेखाची खबर कळेपर्यंत थांबलेल्या सत्यभामाबाई चहा पीत होत्या, तोवर लॉग, म्हणजे झालेल्या शोधांची नोंद, उघडला. क्वेरीत गेलेला रक्तगट ओ निगेटिव्हच. तोच शोध चाळीस वेळा चालवला. शून्य ओळी. पुढं काही दिवसांनी दोन मित्रांनी कोड पिंजून काढला, चूक सापडली नाही.

त्या संध्याकाळी वही घेऊन सत्यभामाबाईंकडे गेलो. "तुमचं नाव नोंदवून घेतो."

"आदी नव्हतं?"

"नव्हतं, बाई."

"आन् रक्ताचं?"

"तेही नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग मला बलावलं कुनी?"

मी वहीत लिहिलं: सत्यभामाबाई, ओ निगेटिव्ह.