तीन बोटांची वीट

माझ्या मामाला एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याने बांधलेलं कुणाला ओळखू येत नसे.

तो नव्या घरांचा गवंडी नव्हता. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचा विटांचा स्तूप आहे. देशोदेशीचे बौद्ध यात्रेकरू तिथे येतात, प्रदक्षिणा घालतात, चौथऱ्याला कपाळ टेकतात. मामा त्या स्तूपाच्या डागडुजीवरचा गवंडी. कपाळाखाली आलेली वीट जुनी की मामाची, हे त्या माणसाला कळू नये यातच त्याची धन्यता. "ठिगळ दिसलं तर तो शिंपी कसला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. भिक्खू प्रवचनात सांगायचे, सगळं अनित्य आहे, काहीच टिकत नाही. मामा मागच्या रांगेत बसून पुटपुटायचा, "म्हणून तर गवंड्याला काम आहे."

वीट बसवण्याआधी तो ती पाण्यात बुडवून ठेवायचा. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा सुटतो. माणसांच्या बाबतीतही त्याचा तोच नियम. मी शाळेतून, पुढे कॉलेजातून आणि त्याहून पुढे नोकरीतून तणतणत त्याच्याकडे गेले की तो आधी तांब्या पुढे करायचा. "पाणी पी. मग बोल." माझ्या नाकावरचा राग अर्ध्या तांब्यात उतरायचा, हे मला मान्य करायला आवडत नाही, पण खरं आहे.

विटा मामी घडवायची. एकतीस वर्षांपूर्वी जमीन खचून स्तूपाच्या चौथऱ्याची पूर्वेकडची बाजू कोसळली. जुन्या विटा हातभर लांब, आजच्या विटेच्या दुप्पट. तसल्या विटा भाजून द्यायला एकही भट्टीवाला तयार होईना. मामीने मामाकडून लाकडी साचा करून घेतला, घरामागे चिखल तुडवला आणि स्वतःच भट्टी लावली. पहिल्या खेपेच्या निम्म्या विटा तडकल्या. दुसऱ्या खेपेला तिने चिखलात भाताचं तूस जास्त घातलं आणि मग एकही तडकली नाही. जुन्या विटांपैकी काहींवर ओल्या चिखलात तीन बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या. कुणी ओढल्या, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. मामी म्हणाली, मग आपल्याही काही विटांवर हव्यात. मामाने सुचवलं, काडीने ओढ, सरळ येतील. ती म्हणाली, "बोटाची रेघ बोटानेच निघते."

आता मामाची चूक सांगते. पुरातत्त्व खात्याचा नियम असा की दुरुस्तीला वापरलेल्या प्रत्येक नव्या विटेवर, दिसेल अशा बाजूला, वर्षाचा ठसा हवा. म्हणजे पुढे कुणाची फसगत होत नाही. मामाने ठसे मारले. नियम म्हणजे नियम. पण विटा बसवताना ठशाची बाजू त्याने आत वळवली. त्या वेळच्या अधिकाऱ्याने काम पाहिलं, 'छान जमलंय' म्हणाला, फाइलीत 'पूर्व बाजू: किरकोळ दुरुस्ती' एवढंच लिहिलं आणि बदली होऊन गेला. ही किरकोळ दुरुस्ती सहाशे बारा विटांची होती.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते; मामी विटा करायची एवढंच मला ठाऊक होतं, पूर्वेच्या बाजूची ही गोष्ट फार पुढे कळली. मामा-मामींना मूल नव्हतं आणि माझ्या आईला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता, त्यामुळे मी त्यांच्याच घरात मोठी झाले. त्या घरात मामाने मामीला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. 'अगं', 'ऐकलंस का', फार रागावला तर 'अहो बाई'. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून ती 'तुझी मामी' झाली. दाराआडच्या खिळ्याला मामाचा ओळंबा आणि फळीवर तिचा साचा, दोन्ही तसेच राहिले.

स्तूपाचं नाव जागतिक वारसा यादीत जावं म्हणून प्रस्ताव करायचं ठरलं, आणि मला प्रस्ताव कक्षात कंत्राटी नोकरी लागली. कक्ष म्हणजे जुन्या विश्रामगृहाच्या दोन खोल्या, एक सतत गरम होणारा प्रिंटर आणि आमचे साहेब. साहेबांचा आवडता शब्द 'अस्सलपणा'. यादीत जायचं तर जागा नुसती जुनी असून भागत नाही, ती अस्सल आहे हे पटवावं लागतं. सातशे पानांत ते पटवायचं काम आम्ही दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून करत होतो.

मुखपृष्ठाचा फोटो मी निवडला. पूर्वेच्या बाजूची एक वीट, सकाळच्या तिरप्या उन्हात, तिच्यावर तीन बोटांच्या रेघा. खाली मी ओळ लिहिली: 'दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अज्ञात हाताची खूण.' साहेबांनी ती मोठ्याने दोनदा वाचली. दोन वर्षांत माझ्या कामाला त्यांनी पहिल्यांदाच 'वा' म्हटलं. मी हवेतच होते. छापून आलेली पहिली प्रत घेऊन तडक मामाकडे गेले.

त्याने चष्मा पुसला, मुखपृष्ठ खिडकीपाशी धरलं. मग मधल्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही तुझी मामी."

"मामा, चेष्टा नको."

"बघ की नीट. बाजूच्या दोन रेघा पूर्ण आहेत. मधली उशिरा सुरू होते आणि उथळ आहे. लहानपणी दारात सापडून तिच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं. विसरलीस?"

विसरेन कशी? त्याच हाताने मला वेण्या घातल्या होत्या. महिनाभर तो फोटो माझ्या संगणकावर होता, मी तो शंभरदा लहानमोठा केला, आणि मला दिसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तरी कुणाचा, तर घरचाच.

"मामा, कुणाला बोलू नकोस," मी म्हणाले. त्यानेच काहीतरी केल्यासारखी मी त्याच्यावर खेकसले. "प्रस्ताव गेलाय. पुढच्या महिन्यात तपासणीला तज्ज्ञ येतायत. पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली टिकलेली म्हणून लिहिलंय आम्ही. हे कळलं तर सगळंच खोटं ठरेल. माझी नोकरी तर जाईलच."

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला. खरं सांगायचं तर तो खुशीत होता. "जगभर जाणार ना हा फोटो? जाऊ दे की. तिला कुठे कधी नेलं मी?" त्याने ती प्रत ठेवून घेतली आणि मुखपृष्ठ कापून ओळंब्याशेजारी लावलं.

पंधरा दिवसांनी गेले, तर तांब्या पुढे न करताच त्याने विचारलं, "हे खाली काय लिहिलंयस?"

"वाचता येतं तुला."

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"मला माहीत आहे की."

मी पिशवी उचलली. त्या दिवशी निघताना तो मला सोडायला दारापर्यंत आला नाही. वाटेत मी स्वतःला समजावत राहिले की म्हातारा माणूस आहे, दोन दिवसांत विसरेल. मामा काहीही विसरत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं.

तपासणीला आलेल्या तज्ज्ञ बाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात जाड बूट. त्यांना आपली भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी मी. दोन दिवस त्यांनी कागद पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, इथे हाताने काम केलेला कुणी जुना माणूस असेल तर त्याच्याबरोबर फिरायचंय. साहेबांनी मोठ्या अभिमानाने मामाला बोलावलं. मी रात्री त्याला निरोप द्यायला गेले, तेव्हा पुन्हा बजावलं. त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

प्रदक्षिणेच्या वाटेवर मामा आणि बाई पुढे, मी मध्ये, साहेब माझ्या खांद्याशी. मामा विटा बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकवत होता, बाईही ठोकून पाहत होत्या. दोघांचं छान जमलं. पूर्वेच्या बाजूला येताच बाई थांबल्या. त्यांनी मुखपृष्ठावरची वीट ओळखली. त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्या तीन रेघांमध्ये आपली तीन बोटं ठेवली. मधलं बोट नीट बसेना.

"या विटेबद्दल यांना काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

मी मामाला विचारलं. मामाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ही वीट माझ्या बायकोने घडवली," तो म्हणाला. "एकतीस वर्षं झाली. ही आणि अशा सहाशे बारा. खूण दिसायला हवी होती, ती मी आत वळवली. माझ्या हुशारीपायी. तिची काही चूक नाही. ती म्हणाली होती, ठसा बाहेर ठेव. मी ऐकलं नाही. बाईंना सांग, हा हात अज्ञात नाही."

साहेबांना सगळं समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं असं होतं की माझ्या तोंडाला कोरड पडली. मी बाईंकडे वळून म्हणाले, "ते म्हणतात, ही वीट त्यांना फार जवळची आहे."

बाईंनी मान डोलावली. मामाला माझ्या भाषांतरातला शब्दही कळला नव्हता. तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला.

"मी एवढं बोललो," तो म्हणाला, "आणि तू चार शब्दांत उरकलंस?"

मला जी लाज वाटली, ती आजही वाटते. मामाने खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"पाणी पी. मग बोल."

मी प्यायले. मग सगळं सांगितलं. बायको, ठसा, हुशारी, सहाशे बारा, अज्ञात नाही. काहीही न गाळता. माझं आधीचं वाक्य खोटं होतं, हेही सांगितलं. साहेब वळून सावलीत जाऊन उभे राहिले.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या सगळ्या विटा हे आज ओळखू शकतील?"

"डोळे मिटून," मामा म्हणाला.

प्रस्ताव वर्षभरासाठी परत आला. पूर्वेच्या दुरुस्तीची एकेका विटेची नोंद करा, प्रत्येकीवर दिसेल अशी बारीक खूण करा आणि मग पुन्हा पाठवा. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला काढून टाकलं नाही, कारण मामा दुसऱ्या कुणाला दाद देत नव्हता आणि मामाशिवाय नोंद होणार नव्हती. यादीत नाव लागेल की नाही, अजून काही ठरलेलं नाही. मुखपृष्ठावर आता साधा, लांबून घेतलेला स्तूप आहे.

नोंदीला आम्ही सकाळी सात वाजता सुरुवात केली. मी जाड वहीत रकाने आखून आणले होते: क्रमांक, जागा, वर्ष, घडवणाऱ्याचं नाव. मामा बारीक छिन्नी घेऊन गुडघ्यावर बसला. जन्मभर जे झाकलं, ते आता स्वतःच्याच हाताने उघडं करायचं होतं. पहिल्या विटेच्या कोपऱ्यावर त्याने टोला मारला, तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग भुकटी फुंकून त्याने मला जागा सांगितली, वर्ष सांगितलं आणि थांबला.

"घडवणाऱ्याचं नाव," मी म्हणाले. मला काय माहीत नव्हतं? पण नोंद त्याच्या तोंडून व्हायची होती.

मामाने मामीचं नाव घेतलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, मला लिहिता यावं म्हणून सावकाश. त्याच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. माझं अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या विटेला मी त्या रकान्यात दोन टिंबं दिली. वरीलप्रमाणे. सहाशे बारा वेळा तेच ते कोण लिहील?

मामाने चष्म्यावरून वहीत पाहिलं.

"हे काय?"

"म्हणजे वरचंच नाव. वेळ वाचतो."

"खोड ते," तो म्हणाला. "मी सांगतो, तू लिही."

आणि छिन्नी खाली ठेवून त्याने पुन्हा तिचं नाव घेतलं. मग तिसऱ्या विटेला. मग चौथ्या.