गाडीचं वंगण

“बैल आणले ना घरी? मग गाडीचं काय घेऊन बसलीस?” झेफेरिनो तिसऱ्यांदा म्हणाला, तशी क्विटेरियाने हातातलं मक्याचं कणीस टोपलीत आपटलं.

“लष्कराच्या मालासकट गाडी टाकून आलात. उद्या दारात शिपाई उभे राहिले की त्यांना काय दाखवू? बैलांची शिंगं?”

खळ्यावर कणसं सोलत बसलेल्या सासूने, जसिंताने, मुलाची बाजू घेतली. तिचं म्हणणं, सगळेच गाडीवान पळताहेत. फ्रेंच आले तर बैल कापून खातील, इंग्रजांनी नेले तर परत यायचे नाहीत. गाडी म्हणजे काय, लाकूड. दुसरी करता येते.

ते खोटं नव्हतं. त्या वर्षी, १८१० साली, फ्रेंच तिसऱ्यांदा पोर्तुगालवर चालून येत होते, आणि मोंदेगो नदीकाठच्या गावांतली एकही बैलगाडी पोर्तुगालच्या आणि मदतीला आलेल्या इंग्रजांच्या लष्कराने सोडली नव्हती. पण क्विटेरियाची काळजी वेगळी होती. एकुलता एक वेनान्सिओ डोंगरापलीकडे पलटणीत होता. फरारी गाडीवानाचा मुलगा म्हणून त्याच्यावर काही बालंट आलं तर?

“पण पळालात का, ते तरी सांगा,” ती म्हणाली.

झेफेरिनोने सांगितलं. कोइंब्रा शहरातल्या गोदामात माल भरणारा अधिकारी इंग्रज होता. लालबुंद तोंड, आपली भाषा दगड चावल्यासारखी बोलत होता, आणि अंगात मात्र आपल्या पलटणीचा निळा कोट. त्याने हुकूम दिला, गाडीच्या आखाला चरबी लावा, चाकांच्या या किंचाळण्याने फ्रेंचांना आपली वाट कळते. आखाला कधी कोणी वंगण लावतं? गाडी ओरडली की वाटेतला सैतान बाजूला होतो, त्या आवाजाशिवाय बैल पाऊल उचलत नाहीत. हे त्याच्या बापाने शिकवलेलं. तो नाही म्हणाला. इंग्रजाने सगळ्यांदेखत त्याच्या पोटात छडी टोचली. खिंडीतल्या पहिल्याच मुक्कामाला झेफेरिनोने जू सोडलं.

“आमचा कोट घालून आम्हालाच छडी,” तो म्हणाला. “राहू दे त्यांची भाकर खिंडीत. इंग्रजांना एक दिवस उपास घडला तर काय बिघडलं?”

क्विटेरियाने टोपलीतलं कणीस परत उचललं. छडीचं तिलाही लागलं होतं.

तेवढ्यात कुबडी टेकत सिल्व्हेरिओ खळ्यावर आला. वेनान्सिओच्याच पलटणीतला, पायात गोळी लागून गावी परतलेला. येता-जाता कणसं सोलू लागायचा. भांडणाचं कारण ऐकल्यावर त्याने विचारलं, “काका, त्या इंग्रजाच्या गालावर भाजल्याचा डाग होता?”

“होता. का?”

“तो आमचा मेजर आहे.” सिल्व्हेरिओ हळूच खाली बसला. “आता एकच लष्कर झालंय, काका. दोन ब्रिगेड त्यांच्या, एक आपली, मिळून एक डिव्हिजन. आपल्या पलटणींवर त्यांचे अधिकारी बसवलेत. कवायत एक, हुकूम एक. गोळ्या खायच्या एका रांगेत, पण जेवायचं मात्र आपापलं. त्यांची रसद त्यांच्या गाड्यांतून येते, आपली आपल्या. आणि आपली येतच नाही. शेवटी मेजर चिडून म्हणाला, मी स्वतः कोइंब्राला जाऊन आणतो.”

झेफेरिनोचा हात कणसावर थांबला.

“पोत्यांत काय होतं?” क्विटेरियाने नवऱ्याला विचारलं.

“मक्याचं पीठ. खारवलेला मासा.”

मक्याचं पीठ इंग्रज कशाला खातील? ती रसद आपल्याच पलटणीची होती, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने सिल्व्हेरिओकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, “मी निघालो तेव्हा वेनान्सिओ कच्ची द्राक्षं उकळून खात होता, काकू. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता.”

जसिंता पुटपुटली, पोराच्या नशिबात असेल तसं.

क्विटेरिया उठून गोठ्यात गेली. गलांत आणि मोरेनो, दोन्ही बैल तिने माहेराहून आणलेल्या गाईचे. मोरेनोला तिने बोट चोखायला देऊन दूध पाजलं होतं. लग्नाआधी बापाच्या गाडीपुढे काठी घेऊन तीच चालायची. वाट चढाची असली की बैल मागच्या आवाजावर नाही, पुढच्या माणसावर चालतात, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. नवऱ्याला तिने ते कधी सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं.

गाडी अजून तिथे असेल का? पोती कोणी पळवली असतील. फ्रेंचच खिंडीत पोचले असतील. त्या मेजरच्या समोर गेलं तर तो छडीच उगारील, की आणखी काही? सगळं एकदम डोक्यात आलं. तिने गलांतच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने फळीवरचं डुकराच्या चरबीचं मडकं उतरवलं. हिवाळाभर रोजच्या सूपमध्ये घालायची म्हणून राखलेली चरबी.

मडकं कडेवर घेऊन ती खळ्यावर आली.

“उद्या पहाटे मी बैल घेऊन खिंडीत चाललेय,” ती म्हणाली. “गाडी असेल तर पुढे पलटणीपर्यंत नेणार. ही चरबी आखाला लागेल. यंदा सूप बिनचरबीचं प्यायचं.”

झेफेरिनोने तोंड उघडलं.

“तुम्हाला यायचं असेल तर गाडीच्या मागून चला,” ती म्हणाली. “बैलांपुढे मी चालणार.”