पंपवाल्या मामाचा दिवा

दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. माझा मामा काही न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पितो. कोळशाच्या खाणीवर तो पंपवाला होता. भुयारात झिरपणारं पाणी बाहेर फेकण्यात त्याची हयात गेली. खाण बंद झाली, पंप थांबले आणि पाण्याने सगळी भुयारं गिळली. मामाने ते फार मनाला लावून घेतलं.

पुढे नगरपालिकेने खाणीची उघडी तोंडं बुजवली, ढिगाऱ्यांवर झाडं लावली. खाली साचलेलं पाणी कोमट असतं, त्याच्या उबेवर गल्लीतली घरं तापवू, असंही जाहीर केलं. सगळ्यांनी नळ्या घेतल्या. मामा अडून बसला. ज्या पाण्याला जन्मभर हाकललं, त्याला आता पाहुणा म्हणून घरात घ्यायचं? त्याच्या मागोमाग खाणीतली विषारी हवा येणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पण मामीची छाती थंडीत भरून यायची. हा हिवाळा गारठ्यात काढला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा कुठे मामा नमला. भिंतीला नळी लागली आणि त्याच दिवशी माळ्यावरून मामाचा खाणीतला दिवा उतरला. तेलाचा, जाळीचा. हवा बिघडली की त्याची ज्योत मान टाकते. मामाने तो मामीच्या उशाशी टांगला आणि समोर ठाण मांडलं.

घर उबदार झालं, पण मामीचा खोकला वाढला. "मी म्हणत नव्हतो?" मामा मला रोज ऐकवायचा. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

एका दुपारी डबा घेऊन गेलो, तर दोघं रस्त्यावर. मामी ब्लँकेटमध्ये कुडकुडत होती. त्याला डुलकी लागली होती, जाग आली तर दिवा विझलेला. तसंच त्याने तिला उचलून बाहेर आणलं होतं.

"मीच विझवला," मामी म्हणाली. "त्याच्या धुरानेच तर खोकला येतो. पण सांगू कुणाला? तुम्ही दिव्याकडे बघत होतात, माझ्याकडे कुठे?"

मामाचा चेहरा पडला. मला त्याची फार दया आली. त्याने तिला आत नेऊन नळीजवळ बसवलं आणि दिवा पुन्हा माळ्यावर टाकला.

खोकला आता थांबलाय. मामाचा नळीवर अजूनही काडीचा भरवसा नाही. मामीचा डोळा लागला की तो हळूच तिच्या नाकाखाली बोट धरतो.

ती डोळे न उघडताच म्हणते, "चालू आहे पंप."