झिक्रीतच्या धुक्यात

आमच्या हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकून ह्यांच्या ऑफिसातल्या स्विस सर्व्हेअरनं आम्हाला आल्प्स दाखवला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही कतारमध्ये, दोह्यात अल मुंतझामधल्या एका जुन्या इमारतीत राहायचो. हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मुलगी सात वर्षांची. तो सर्व्हेअर उन्हाळ्यात मायदेशी जाऊन आला की स्लाइड्सचा डबा आणि प्रोजेक्टर घेऊन ओळखीच्या घरी यायचा. त्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर दोन दिवस डोंगरात भटकून, तंबूत राहून काढलेले फोटो दाखवले. लाल जाकिटं घातलेली माणसं एकामागोमाग चढताहेत, तंबूबाहेर बसून सूप पिताहेत. शेवटच्या स्लाइडमध्ये सगळे एका कड्यावर उभे होते आणि ढग त्यांच्या पायांखाली होते. ती स्लाइड ह्यांनी दोनदा मागे घ्यायला लावली.

"आपणही करू या," पाहुणा गेल्यावर हे म्हणाले. "ग्रुप हायकिंग."

शेजारच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान जोडपं राहायचं. ते बंदरावर स्टोअरकीपर होते, आणि त्या माझ्या भाभी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या, सदा हसतमुख. स्टोअरकीपर म्हणाले, "साहेब, या मुलखात डोंगर आणणार कुठून?" ह्यांनी लगेच ऑफिसातला नकाशा पसरला. पश्चिम किनाऱ्यावर, दुखानच्या अलीकडे झिक्रीत. तिथे चुनखडीचे कडे आहेत, असं सर्व्हेअरनं सांगितलं होतं. त्यानं दोन तंबूही देऊ केले होते.

माझं माहेर भोरच्या मागच्या डोंगरात. आमच्याकडे हौस म्हणून कुणी डोंगर चढत नाही. पलीकडच्या वाडीत मयत झालं किंवा बाजाराचा दिवस असला तर चढतात. शाळेसाठी मी रोज एक खिंड ओलांडायची. ह्यांचा जन्म मात्र पुण्यात गेलेला, आणि ह्यांना त्या खिंडीचं फार कौतुक कधी वाटलं नव्हतं. मुंतझामध्ये आल्यापासून माझं चालणं म्हणजे दोन जिने उतरून कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध-अंडी आणणं, एवढंच.

ह्यांनी यादी केली. कोण काय आणणार, किती वाजता निघणार, किती वाजता चढणार. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. गाडी कंपनीची पिकअप, आणि तिच्याबरोबर कंपनीचा ड्रायव्हर. तो साताऱ्याकडचा, जावळीच्या खोऱ्यातला. बायको-मुलं गावी ठेवून आलेला, कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत सहाजणांबरोबर राहणारा. सुट्टीच्या दिवशी पिकअप कशाला चालवतोस, असं मी विचारलं तर म्हणाला, "वैनी, खोलीत पडून तरी काय करू? तुमच्याबरूबर मराठी बोलणं तरी हुईल."

असे आम्ही सहाजण निघालो. अल रय्यान मागे पडलं तशी घरं संपली आणि रस्ता एकटा पुढे चालला. झिक्रीतच्या फाट्याला डांबर सुटलं. मग पांढुरकी, सपाट जमीन, मधूनच एखादं काटेरी झुडूप. आणि एका वळणानंतर खरंच कडे दिसले. फार उंच नव्हते. चार-पाच मजली इमारतीएवढे असतील. पण सगळ्या सपाटीत ते एकदम उभे होते, वाऱ्यानं खालून पोखरलेले, वर टोपीसारखे रुंद.

तंबू उभारताना पहिली फजिती झाली. खाली सगळा खडक, खुंट्या आत जाईनात. हे सूचनांचा कागद वाचत राहिले. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग पाण्याचे भरलेले कॅन आणि मोठे धोंडे ओळीनं मांडून दोऱ्या त्यांना बांधून टाकल्या. "खलास," तो हात झटकत म्हणाला. हे कागद घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "हे त्यात लिहिलेलं नाही."

ऊन उतरल्यावर आम्ही चढलो. वाट अशी नव्हतीच, नुसती घसरडी खडी. पाय टाकला आणि माझ्या लक्षात आलं की पायांना सगळं ठाऊक आहे. कुठे टाच रोवायची, कुठे आडवं चालायचं, कुठला दगड हलणार. साडीचा काष्टा खोचून मी मुलीला पुढे घेतलं आणि चालत सुटले.

"अगं, हळू," खालून हे ओरडले. "ग्रुपनं एकत्र चालायचं असतं."

मागे पाहिलं तर हे कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते, आणि त्यांच्याही मागे भाभी स्लिपर हातात घेऊन, नवऱ्याचा खांदा धरून येत होत्या. "अगो बाय," त्या हसत म्हणाल्या, "तू शेळी होतीस काय गेल्या जन्मी?"

माथ्यावर वारा होता. दोन्ही बाजूंना समुद्र, उथळ, फिक्या हिरव्या रंगाचा, लाट नसलेला. मुलगी मला बिलगून म्हणाली, "आई, इज धिस द आल्प्स?" मी काय सांगणार! "त्याचा लहान भाऊ," असं तिला म्हणाले. हे मात्र पश्चिमेकडे बघत उभे होते. मला वाटलं, दमलेत.

खाली येऊन जेवलो. मी घरून पिठलं आणि बटाट्याची भाजी नेली होती, भाभींनी खिमा आणि तांदळाच्या भाकरी, ड्रायव्हरनं इराणी भट्टीवरून आणलेले खुबूस, म्हणजे मोठ्या रोट्या. वारा पडला, गारठा वाढला, आणि सगळे लवकरच आडवे झाले.

सकाळी जाग आली तेव्हा तंबूचं कापड ओलं होतं आणि हे जागेवर नव्हते. बाहेर आले तर बाहेर काही नव्हतंच. कडे नाहीत, पिकअप नाही, भाभींचा तंबू नाही. नुसतं धुकं. डिसेंबरात समुद्रावरून असं धुकं येतं हे दोह्यातही पाहिलं होतं, पण तिथे निदान समोरच्या खांबावरचा दिवा दिसायचा.

ड्रायव्हर स्टोव्हजवळ चहा करत होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब मघाशीच वर गेलं. ढगाच्या वरून सूर्य बगायचाय म्हणाले. तवा येवढं धुकं नव्हतं."

"मघाशी म्हणजे?"

"तासभर झाला आसंल."

मग स्टोअरकीपर उठले, भाभी उठल्या. स्टोअरकीपरांनी हाका मारल्या. ड्रायव्हरनं पिकअपचा हॉर्न दाबून धरला. आवाज कड्यांवर आपटून चारी बाजूंनी परत येत होता. मी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या मनात आलं की वर असलेल्या माणसाला हा हॉर्न सगळीकडूनच ऐकू येत असणार. तो ऐकून हे भलतीकडेच चालू लागले तर? वरचे खडक टोपीसारखे पुढे आलेले होते. पायाखाली जमीन कुठे संपते हे दिसलंही नसतं.

"हॉर्न बंद करा," मी म्हणाले.

"मी जाऊन येतो वर," स्टोअरकीपर म्हणाले.

"नको. मग दोघांना शोधावं लागेल."

भाभी तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होत्या. मुलगी माझा पदर धरून उभी होती. "आई, इज बाबा लॉस्ट?" मी तिचा हात भाभींच्या हातात दिला.

आमच्या डोंगरात धुकं पडलं की माणूस कुकारा घालतो. दोन्ही हात तोंडाशी धरून, पोटातून, एकच लांब सूर. तो शब्दांसारखा फुटत नाही, सरळ जातो. ज्यानं ऐकला त्यानं तसाच परत द्यायचा आणि जागचं हलायचं नाही, घालणारा त्याच्याकडे येतो. मी लहानपणी कितीदा घातला असेल. पण लग्नानंतर एकदाही नाही. एकदा माहेरी माझ्या भावानं घातला तेव्हा हे हसले होते. "टेलिफोन बरा तुमचा," म्हणाले होते. आणि आता परक्या माणसांसमोर ओरडायचं म्हणजे मला लाजच वाटली. ती दोन क्षणांची. मग मी हात तोंडाशी नेले.

पहिला कुकारा फाटला. दुसरा नीट गेला.

काही नाही. तिसरा घातला. आणि वरून, डावीकडून, अगदी बारीक, कोंबडीच्या पिलासारखा एक आवाज आला. "कूऽऽ."

"अहो!" मी ओरडले. "खाली बसा! हलू नका!"

ड्रायव्हरनं तंबूची मोकळी दोरी आणली. तिचं एक टोक पिकअपला बांधलं, दुसरं मी हातात घेतलं. ती वीस-पंचवीस पावलांत संपली. मग तो दोरीच्या टोकाशी उभा राहिला आणि मी पुढे निघाले. पाच पावलं, कुकारा. उत्तर. पुन्हा पाच पावलं. खडीवर हात टेकत चढले. आवाज जवळ येत गेला, आणि मग हे दिसले. एका खडकाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पँट नडगीवर फाटली होती, रक्त आलं होतं. चष्मा धुक्यानं आंधळा झालेला.

"हॉर्न ऐकून निघालो होतो," ते म्हणाले. "पुढचा पाय खाली टेकलाच नाही. मग मागे पडलो, आणि तसाच सरकत इथे आलो."

"कधीचे बसलाय?"

"माहीत नाही." मग फाटलेली पँट सारखी करत, "तुझा आवाज आला तेव्हा कळलं की तू कुठल्या बाजूला आहेस."

मी शेजारी बसले. पदरानं चष्मा पुसून दिला. उतरायची घाई केली नाही. खालून ड्रायव्हर विचारत होता, "वैनी, सापडलं का?" मी "सापडले" म्हणून सांगितलं, आणि भाभींचा "या अल्ला" स्पष्ट ऐकू आला. मग मी पुढे, हे माझा खांदा धरून मागे, असे आम्ही दगड चाचपत उतरलो.

नऊच्या सुमारास धुकं विरलं. तेव्हा दिसलं की ते बसले होते तो खडक तंबूपासून दोनशे पावलांवरही नव्हता. पलीकडे मात्र कडा सरळ तुटलेला होता. हे त्याकडे बघत चहा प्यायले. कुणी त्यांची थट्टा केली नाही, याचं मला बरं वाटलं.

निघायच्या आधी ड्रायव्हर एकटाच एका ठेंगण्या खडकावर चढला. मला वाटलं, काही राहिलंय का ते बघायला गेलाय. त्यानं हात तोंडाशी नेले आणि असा भरदार कुकारा घातला की मी चमकलेच. समुद्राकडे तोंड करून तो थोडा वेळ तसाच थांबला. मग मी खालून उत्तर दिलं. तो वळला नाही. आणखी एकदा घातला, मी आणखी एकदा दिला. उतरून आला तेव्हा डोळे पुसत होता. "आमच्याकडं पण हाच हाय, वैनी," एवढंच म्हणाला आणि कॅन पिकअपमध्ये चढवू लागला.

शनिवारी हे तंबू परत द्यायला गेले तेव्हा झालेलं सगळं त्यांनी स्वतःच सर्व्हेअरला सांगितलं. मी विचारलं, हसला का? "नाही," हे म्हणाले. "म्हणाला, आमच्याकडे धुकं पडलं की सगळे बसून राहतात आणि ग्रुपमधला जाणता माणूस सांगेल तसं करतात. मग विचारलं, तुमच्या ग्रुपचा लीडर कोण होता?"

"काय सांगितलंत?"

"बायको म्हणून सांगितलं," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत आम्ही तीनदा झिक्रीतला गेलो. ड्रायव्हर दोनदा होता, मग तो कायमचा गावी गेला. पण मला जास्त आठवतं ते पुढच्याच आठवड्यातलं. भाभी सकाळी दारात उभ्या, पायातल्या फाटक्या स्लिपरकडे बोट दाखवत. "बाय, मला तुझ्यासारखं चालायला शिकव. ह्या गुडघ्यांना वीस वर्षांत कुणी कामच दिलं नाही."

आम्ही दोघी सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, कॅनव्हासचे बूट घ्यायला गेलो. बायकांच्या मापात मिळेनात. शेवटी शाळेच्या मुलांचे पांढरे बूट आमच्या पायांना बसले. दुकानदार इराणी होता. त्यानं हिंदीत विचारलं, मुलं बरोबर का नाही आणली, मापानं घेतले असते. भाभी बुरख्यातून हसून म्हणाल्या, "मुलं आम्हीच."

शुक्रवारी सकाळी, नवरे झोपलेले असताना, साडीखाली आणि बुरख्याखाली पांढरे बूट घालून आम्ही कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, गेलो आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालू लागलो. पहिल्या दिवशी भाभी तीनदा बसल्या. चौथ्या शुक्रवारी एकदाही नाही.