सापळेसर

सापळेसरांचं आडनाव सापळे नव्हतं. फळ्यावर कुठलंही मशीन काढायचं झालं की ते आधी कोपऱ्यात एक गोल काढत आणि त्यात लिहीत, ‘सापळा’. चुकीचं अक्षर आलं की मशीन त्या गोलात जाऊन पडायचं आणि मग तिथून सुटका नाही. परीक्षेत आम्ही सगळे नेमका हाच गोल विसरायचो. “बरोबर आलेलं कुठे जातं ते कुणीही सांगेल,” सर म्हणत, “चुकलेलं कुठे जातं ते सांगा.”

वर्तकनगरच्या वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत ते इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑटोमाटा, म्हणजे एकेक अक्षर वाचून शब्द मान्य-अमान्य करणाऱ्या कागदावरच्या मशीनांचा विषय, शिकवत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, ठाण्यात गल्लोगल्ली कम्प्युटर क्लास निघाले होते, आणि सरांनी कम्प्युटरला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. त्यांची मशीनं फळ्यावरच चालत. गोल म्हणजे अवस्था, बाण म्हणजे एकीतून दुसरीत जायची वाट. बाकी सगळं, त्यांच्या मते, वायरमनचं काम होतं.

सम-विषम शिकवायला ते आम्हाला जिन्यात घेऊन गेले. जिन्यातल्या दिव्याचं बटण एकेकाला दाबायला लावलं. “किती जणांनी दाबलं हे दिव्याला ठाऊक नसतं. आपण लागलोय की विझलोय एवढंच त्याला कळतं. पुष्कळ माणसांना तेवढंही कळत नाही.” दिव्याची उघडझाप पाहून समोरच्या काकू बाहेर आल्या आणि काय चाललंय म्हणून विचारू लागल्या. “सम,” सर म्हणाले, आणि बटण दाबून, “आता विषम.” काकूंनी दार लावून घेतलं.

या विषयात मी दोनदा नापास झाले होते आणि तो सुटल्याशिवाय डिग्री मिळणार नव्हती. बाबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. यंदा गेलीस तर शिक्षण पुरे, मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं. मला दुकानात बसायचं नव्हतं, पण दोनदा नापास झालेल्या मुलीला घरात फारसं कुणी विचारत नाही.

मी हे क्लासमध्ये बोलून गेले. त्या रविवारी सर न कळवता कोपरीला आमच्या घरी आले आणि त्यांनी बाबांकडे पेपर मागितला. बाबांनी कौतुकाने अग्रलेखाचं पान काढून दिलं. सरांनी त्याच्या कडेला तीन गोल काढले. अभ्यास, डिग्री, दुकान.

“दुकानातून बाहेर बाण नाही,” ते म्हणाले. “हा सापळा झाला.”

“अहो, चांगलं चाललेलं दुकान आहे ते.”

“दुकानाबद्दल माझी तक्रार नाही. नापास झाली तर बाण पुन्हा अभ्यासाकडे वळवा. ऑक्टोबर आहे, एप्रिल आहे.”

“आणि असं किती वेळा?”

“ते मोजायची सोय या मशीनमध्ये नसते.”

बाबा ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो.

एप्रिलच्या पेपरात मी एकही सापळा विसरले नाही. बाहेर आल्यावर आठवलं की शेवटच्या अवस्थेभोवती दुसरा गोल काढायचा राहिला. तो दुहेरी गोल नसेल तर मशीन काहीच मान्य करत नाही. सरांना सांगितलं तेव्हा त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “म्हणजे चुकलेल्यांची सोय केलीस आणि बरोबर आलेल्यांना उभं करून ठेवलंस.” त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले.

मे महिन्यात सर झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने फळा भिंतीवरून उतरवला होता. मला रडू आलं नाही.

निकाल लागला आणि मी थोडक्यासाठी नापास झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बाबा कामावर न जाता इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

“ऑक्टोबरचा फॉर्म भरायला जायचं ना? चल.”

तेव्हा मला रडू फुटलं. सर फार हवे होते त्या वेळी. बाबांना वाटलं, मी निकालासाठीच रडतेय.

“अगं, नुसती नापासच झालीयेस ना,” ते म्हणाले आणि माझी चप्पल पायाने पुढे सरकवली.