मास्तरांचा लाडोबा

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बडबडीतही नव्हता. मशीनबरोबर तोंडाचा पट्टाही चालूच. त्यांचा कुत्रा लाडोबा धन्यापेक्षा वरचढ. दुकानात कोणी पाऊल टाकलं की पुढचे दोन पाय थेट गिऱ्हाइकाच्या छातीवर. गिऱ्हाईक किंचाळायचं आणि मास्तर खो खो हसायचे. "अहो, लाडात आलाय! काही करत नाही तो." काही करत नाही म्हणे! मग शर्टावर चिखलाचे पंजे काय आपोआप उमटत होते?

दुकानाच्या वरच मास्तरांची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. "अरे, याला काही वळण लाव," असं ती सारखं बजावायची. मास्तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. शेवटी एकदा लाडोबाने जिन्यातच तिच्यावर झेप घेतली. ताई घसरली, मनगट मोडलं. त्यानंतर तिने खाली यायचंच सोडलं. मास्तर वर गेले तर भिंतीकडे तोंड करून बसायची. मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. "तो उडी मारेल तेव्हा पाठ फिरवा आणि अवाक्षर काढू नका. चारही पाय जमिनीवर आले की खाऊ द्या. तुम्ही ओरडलात तरी त्याला कौतुकच वाटतं."

पाठ फिरवणं सोपं होतं, गप्प बसणं मास्तरांच्या जिवावर आलं. मग त्यांनी शक्कल लढवली. कपडे बेतताना शिंपी ओठांत टाचण्या धरतो, तेव्हा त्याला बोलताच येत नाही. मास्तर दिवसभर टाचण्या धरून बसू लागले. गिऱ्हाइकांनाही खुणेनेच पाठ फिरवायला लावायचे. मास्तरांची वाचा गेली अशी आवई उठली, आणि खरं सांगायचं तर कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. हळूहळू लाडोबा मात्र दारात कोणी दिसलं की बसायला शिकला.

मास्तरांनी त्याला पट्टा बांधला आणि ताईला हातापाया पडून खाली आणलं. ती कठडा धरून उतरली. लाडोबा बसला तो बसूनच राहिला.

"बघ! आता घाबरायचं कारणच नाही," मास्तर फुशारले.

"कुत्र्याला घाबरत होतेच रे," ताई म्हणाली. "पण मी जिन्यात पडले, तेव्हा तू आधी हसलास. ते मनगटापेक्षा जास्त दुखलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. दुकानातल्या सगळ्यांदेखत त्यांनी तिची माफी मागितली. ताईने त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग वाकून आपला हात लाडोबाच्या नाकासमोर धरला.