तुपाचा लाल रंग

नळीतलं तूप लाल झालं आणि आमचे साहेब खूश झाले. भेसळ सापडली की त्यांना भूक चांगली लागायची.

"पाटील, लिहा. सरकीच्या तेलाची भेसळ."

त्या तुपाची मालकीण समोरच बाकावर बसली होती. गंगूअक्का, भडगावची. स्वातंत्र्याच्या आठ-नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. धुळ्यातल्या एका लहानशा लॅबोरेटरीत मी केमिस्ट होतो. दूध, तूप, तेल तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. अक्कांचं तूप एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खाण्यासाठी जायचं. रिपोर्ट वाईट गेला असता तर ते बंद होणार होतं, शिवाय भेसळवाली म्हणून नाव बाजारातल्या फळ्यावर लागणार होतं. तीस वर्षं तूप करणाऱ्या बाईला ही दुसरी शिक्षा जास्त जड होती.

टेस्ट सोपी होती. पातळ केलेल्या तुपात गंधक विरघळवलेलं एक घाणेरड्या वासाचं रसायन घालायचं आणि नळी उकळत्या मिठाच्या पाण्यात ठेवायची. सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं, तेल असलं की लाल रंग चढतो. आमच्याकडे हे तेल स्वस्त. लबाड लोक तेच तुपात ओतायचे.

अक्का रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत.

"भाऊ, म्हैस मन्ही शे, तूप मन्हा हातनं शे. यामा दुसरं काहीच नही."

म्हशीला काय घालता, असं मी विचारलं. सरकी, असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. बरोबरच होतं. मी पाचोऱ्याचा. खानदेशातली दुभती म्हैस सरकी खाते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी साहेबांना म्हटलं, खाण्यातलं काहीतरी तुपात उतरत असेल. साहेब कोकणातले, शिकलेले मुंबईत.

"म्हैस गवतही खाते, पाटील. हिरवं दूध पाहिलंत कधी?"

रिपोर्ट शनिवारी जाणार होता. हातात दोन दिवस होते.

आता साहेबांचं एक गुपित सांगतो, जे सगळ्या ऑफिसला पाठ होतं. बाजारच्या तुपावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी घरी म्हैस पाळली होती. त्या तुपाचं कौतुक आम्ही रोज डब्याबरोबर ऐकायचो. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि आईच्या गुडघ्यांना चोळायला थोडं तूप द्या, असं वहिनींना म्हटलं. त्यांनी वाटीभर दिलं. मला लाज वाटली, कारण आईचे गुडघे अगदी ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी मी सहा नळ्या लावल्या. नळ्यांवर नुसते नंबर घालावेत, नावं घालू नयेत, असा नियम होता. एरवी आम्ही तो पाळत नसू. त्या दिवशी मी कसोशीनं पाळला. चार नंबरची नळी अक्कांच्या तुपापेक्षाही लाल झाली.

"हा तर दरोडेखोर दिसतो," साहेब म्हणाले. "ह्याच्यावर खटलाच भरा. नाव काय?"

"तुमचंच आहे, साहेब. वहिनींनी काल दिलं."

आधी त्यांना वाटलं मीच काहीतरी मिसळलं. मग ते स्वतः घरून तूप घेऊन आले आणि स्वतःच टेस्ट केली. पुन्हा लाल. तेव्हा त्यांची म्हैस सांभाळणाऱ्या गवळ्याला बोलावणं गेलं. रोज घमेलंभर सरकी, असं तो अभिमानानं म्हणाला.

साहेब हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते. अक्कांचा रिपोर्ट त्यांनी थांबवला आणि आपल्या म्हशीची सरकी बंद केली. नुसता कडबा आणि हरभऱ्याची चुणी. दूध कमी झालं. कोणामुळे, ते कळल्यावर वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पण आठवड्या-आठवड्याला रंग उतरत गेला आणि महिन्याभरानं तूप लाल व्हायचं थांबलं.

साहेबांनी अक्कांच्या रिपोर्टवर 'निर्दोष' असं लिहिलं. कापसाच्या मुलखात नुसत्या लाल रंगावरून कुणाला दोषी धरू नये, असं पत्रही वर पाठवलं. अक्कांच्या तुपाचे सील करून ठेवलेले डबे दवाखान्यात गेले. अक्का आल्या तेव्हा मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. मला वाटलं, बाई आता मला आशीर्वाद देतील.

"महिनाभर म्हैसले सरकी नही दिन्ही?" असं म्हणून त्या साहेबांच्या म्हशीसाठी हळहळत बसल्या.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्याच महिन्यात एका व्यापाऱ्याचं तूप लालभडक झालं. तो म्हणाला, आमची म्हैस सरकी खाते. मी म्हटलं, दाखवा. त्यानं तासभर बसायला लावलं, चहा पाजला आणि मग मागच्या अंगणात नेऊन जनावर दाखवलं.

तो टोणगा होता.

तेव्हापासून तूप लाल झालं की मी आधी गोठ्यात जातो, आणि जनावर खाली वाकून बघतो.